भाऊने केलेला जयवंत

अड्याळला गेले आणि जुन्या माणसांत बसले की अजूनही माझ्या भावाचं नाव निघतं. आधी त्याच्या आवाजाची गोष्ट निघते, मग नाटकात त्यानं केलेल्या जयवंतची, मग दारूची, आणि तिथं आल्यावर सगळे गप्प होतात. त्या वर्षीच्या मंडईच्या, दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात काय झालं ते कोणी काढत नाही. त्या अंगणात उभी असलेली माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि जी आहेत त्यांचं मत ठरलेलं आहे: शंकरनं त्या दिवशी जोडलं जात असलेलं घर आपल्या तोंडानं मोडलं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. या वयात वाद घालायला दम लागतो. पण एकदा ते सगळं जसं झालं तसं लिहून ठेवावं असं फार दिवसांपासून मनात होतं.

आमचं घर विणकरांच्या गल्लीत. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डे करून बसवलेले दोन माग, एकावर बाबा आणि दुसऱ्यावर शंकरभाऊ. बाबांच्या मागाचा आवाज एका चालीचा असायचा, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्यात फरक नाही. भाऊचा माग मध्येच धावायचा, मध्येच थबकायचा, कारण तो विणता विणता गायचा आणि गाण्यात एखादी जागा आली की धोटा हातातच राहायचा. बाबा मान वर न करता म्हणायचे, "शंकऱ्या, लुगडं गाण्यानं नाई भरत." भाऊ हसायचा आणि पुन्हा पायाखालच्या पावड्या दाबायला लागायचा. माय भिंतीला टेकून चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. सुताला लावायच्या तांदळाच्या खळीचा आंबूस वास आमच्या घराला कायमचा चिकटलेला होता. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलींना तो यायचा, मला कधी यायचा नाही. घरामागच्या सांदवाडीत मोठ्या गंजात ती खळ शिजायची आणि सकाळी गल्लीत सुताचा ताणा पसरून त्याला लावली जायची. ते काम कुसुमवहिनीचं. ती आसगावची, धानाच्या शेतातली मुलगी; लग्न होऊन आली तेव्हा तिला मागातलं काही येत नव्हतं. पण खळ किती घट्ट झाली की उतरवायची हे ती मायपेक्षा लवकर शिकली. संध्याकाळी लाखोरीचं वरण, भात आणि कधी सुके झिंगे भाजून केलेली चटणी असायची. ती मला वाढताना "घ्या शकूबाई" म्हणायची. मी तिच्याहून कितीतरी लहान, तरी नणंद म्हणून मला अहोजाहो. मला त्याची फार मजा वाटायची.

भाऊ वाईट होता असं मला लिहिता येत नाही, आणि चांगला होता असंही नाही. तो घरात आला की घर हलकं व्हायचं. बाजारातून येताना माझ्यासाठी काहीतरी आणल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. पण मोहाची दारू पोटात गेली की तोच माणूस कोपऱ्या-कोपऱ्यात आपला अपमान शोधत फिरायचा. भात थंड का, दार उशिरा का उघडलं, तू माझ्याकडे तशी का पाहिलीस. मायला आणि मला त्यानं कधी हात लावला नाही. जे काही असायचं ते सगळं वहिनीच्या वाट्याला. सकाळी झाडताना मी अंगणात फुटक्या बांगड्यांचे तुकडे वेचायची. माय ते माझ्या हातातून घेऊन राखेत टाकायची आणि म्हणायची, "त्याच्यावर कोनाची तरी नजर हाये."

मग एक दिवस मी शाळेतून आले तेव्हा घरासमोर माणसं जमली होती. खळीचा गंज चुलीवरून कलंडला होता आणि वहिनीचा डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत पोळला होता. उकळती खळ पाण्यासारखी ओघळून जात नाही, अंगाला चिकटून बसते. ती ओरडत नव्हती. दात दाबून नुसती पुढे-मागे झुलत होती. भाऊ अंगणातल्या विहिरीच्या काठाला डोकं टेकून बसला होता आणि त्याच्या अंगाला दारूचा वास येत होता. "गंज कलंडला," माय प्रत्येकाला सांगत होती. दवाखान्यात तेच सांगितलं, वहिनीचे वडील धावत आले तेव्हा त्यांनाही तेच. वहिनीला विचारलं तेव्हा तीही म्हणाली, "हो, कलंडला." जखम जरा कोरडी झाल्यावर तिचे वडील तिला आसगावला घेऊन गेले. औषधपाण्यासाठी, असं सगळे म्हणत होते. पण धानाची रोवणी झाली, धान पोटरीला आलं, पावसाळा संपला, तरी कोणी तिला पोचवायला आलं नाही आणि आमच्याकडून कोणी आणायला गेलं नाही.

त्या वर्षी मंडईच्या नाटकात जयवंतचं काम भाऊला मिळालं. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, लेकी-जावई येतात, दिवसा बाजार आणि नाच, आणि रात्रभर नाटक. ज्या नाटकाची ही गोष्ट आहे ते फार जुनं. आमच्या झाडीपट्टीतल्या गावांनी ते वेगवेगळ्या नावांनी केलेलं आहे. जयवंत हा चांगल्या घरातला एकुलता मुलगा. तो वाईट संगतीला लागतो, बापाला दुःखानं मारतो, बायको सुनंदा हिला पावसात घराबाहेर काढतो, आणि सगळं गमावून शेवटच्या अंकात फाटक्या कपड्यांत तिच्या दाराशी येतो. तिथं त्याचं लांबलचक भाषण आहे. ते संपल्यावर सुनंदा म्हणते, "उठा नाथ! जो पश्चात्तापात न्हाला त्याला गंगा कशाला हवी?" आणि पडदा पडतो. या एका वाक्यासाठी बायका मुलांना मांडीवर निजवून उजाडेपर्यंत जागायच्या.

नाटक बसवायचे दादाजी मास्तर. ते शाळेतून निवृत्त झाले होते, पेटी वाजवायचे आणि नाटकाला देवपूजेसारखं मानायचे. नाटक मंडळातल्या काहींनी हरकत घेतली. शंकर पितो, ऐन वेळी पडून राहील, आणि शिवाय त्याच्या घरचं ते प्रकरण. मास्तर आमच्या ओसरीवर येऊन बाबांना म्हणाले, "मी हे समजूनच त्याले घेतलं. पात्र अंगात भिनलं की मानूस बदलते. मी पाह्यलं हाये." बाबा मागावरून उठले आणि मास्तरांच्या पाया पडले. बाबांना मी कोणाच्या पाया पडताना तोवर पाहिलं नव्हतं.

भाऊला वाचायला जड जायचं. म्हणून त्याच्या मागाशेजारी बसून सुनंदाची वाक्यं मी वाचायची आणि तो विणता विणता जयवंतची म्हणायचा. "मोठ्यानं वाच शकू, मागाच्या वरून ऐकू आलं पाह्यजे." पश्चात्ताप हा शब्द त्याच्या जिभेवर बसेना. तो पस्तावा म्हणायचा. मास्तर त्याला थांबवायचे, "पस्तावा घरी. स्टेजवर पश्चात्ताप." कुठे हुंदका द्यायचा, कुठे श्वास घेऊन प्रेक्षकांकडे पाठ करायची, गुडघ्यावर बसताना कोणता गुडघा आधी टेकायचा, सगळं मास्तरांनी पेन्सिलीनं पुस्तकात लिहून दिलं होतं आणि मी ते भाऊला वाचून दाखवायची. त्या दिवसांत भाऊनं दारू सोडली. कोणी शपथ घ्यायला लावली नव्हती. सुरुवातीला त्याचे हात कापायचे आणि सूत तुटायचं. बाबा आपला माग थांबवून उठायचे, त्याचा धागा सांधून द्यायचे आणि परत जाऊन बसायचे. मग हळूहळू हात थांबले. भाऊ सकाळी लवकर उठायला लागला, वहिनीचं खळीचं काम आपणच करायला लागला. माय दिव्याला तेल घालताना डोळे मिटून पुटपुटायची. पुष्कळ महिन्यांनी आमच्या घरात माणसं पोटभर जेवत होती.

परवा माझ्या नातीनं मोबाइलवर झाडीपट्टीतलं एक नाटक लावून दाखवलं. दिवे, धूर, मोठे आवाज, सगळं आलं आहे. शेवटी नवरा सुधारला आणि बायकोनं त्याला उठवलं. नात म्हणाली, "आजी, हे सगळीकडे सारखंच असतं का?" मी हो म्हटलं. तिला आणखी काय सांगणार?

मंडईच्या आधी मायनं ठरवलं की वहिनीला नाटक पाहायला बोलवायचं. स्वतः जायची तिला लाज वाटत होती. बाबा जाणार नव्हते. मग मला आणि शेजारच्या काकूंना बसमध्ये बसवून आसगावला पाठवलं, बरोबर दिवाळीच्या कानोल्यांचा डबा दिला. वहिनी शेतात होती. लवकर येणारं हलकं धान कापून झालं होतं आणि खळ्यावर बायका पेंढ्या आपटत होत्या. ती उजव्या हातानं पेंढी उचलायची आणि डावा हात फक्त टेकू द्यायला वापरायची, कारण तो कोपरातून पुरता उघडत नव्हता. पदर सरकला तेव्हा मी तिची कातडी पाहिली. वाळलेल्या चिखलाला भेगा पडतात तशी ती दिसत होती. तिनं माझ्या नजरेकडे पाहिलं आणि पदर सावरला नाही.

"कशा हात शकूबाई? शाळा चालू हाये न?"

मी मायचा निरोप सांगितला. भाऊनं दारू सोडली, तो पहाटे उठतो, खळ शिजवतो, त्याचं काम पाहून मास्तरसुद्धा रडले. मी फार उत्साहानं सांगत होते. ती पेंढी आपटत ऐकत होती.

"नाटकात ती बाई त्याले माफ करते का?" तिनं विचारलं.

"हो. शेवटी करते."

"काहून करते?"

मी म्हटलं, "तसं लिहलं हाये."

ती हसली. रागानं नाही, पण मला ते हसणं बरं वाटलं नाही. "पाहाले येईन मी," ती म्हणाली. "राह्याले नाई. मायले तसं सांगजा."

मी घरी येऊन दोन्ही सांगितलं. मायनं फक्त पहिलं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी तिनं मधल्या खोलीतली वहिनीची पेटी पुसून ठेवली.

मंडईच्या दिवशी वहिनी तिच्या वडिलांबरोबर आली. भाऊ दिवसभर घरी आलाच नाही, मंडपातच राहिला. तिच्यासमोर यायचं नाही म्हणून, की रंगाला बसायचं म्हणून, मला ठाऊक नाही. नाटक सुरू झालं. बायकांच्या बाजूला सतरंजीवर माय, वहिनी आणि मी. वहिनी शेवटपर्यंत एका जागी बसून होती. जयवंत सुनंदेला घराबाहेर काढतो त्या प्रवेशात आजूबाजूच्या बायकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मायनं मान खाली घातली. वहिनीनं मात्र स्टेजवरची नजर काढली नाही.

शेवटचा अंक आला तेव्हा पूर्वेकडे फटफटलं होतं आणि मंडपातले दिवे पिवळे पडले होते. भाऊ फाटक्या कपड्यांत आला. मला त्याचं प्रत्येक वाक्य पाठ होतं, पुढचा हुंदका कुठे येणार हे ठाऊक होतं, तरी मी सतरंजीवर गुडघ्यांवर उठून बसले. त्याचा तो आवाज! "या पापी हातांनी मी माझ्याच देव्हाऱ्यातली मूर्ती फोडली," असं एक वाक्य होतं. ते म्हणताना त्यानं आपले हात असे समोर धरले की पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं "अरे रे रे" केलं. पश्चात्ताप हा शब्द तो स्वच्छ बोलला. सुनंदेनं त्याला उठवलं, पडदा पडला, आणि माणसं उठेचनात. मास्तर पेटीवर डोकं ठेवून रडत होते. मायनं वहिनीचा हात, तो पोळलेलाच, आपल्या हातात घट्ट धरून ठेवला होता.

सुनंदा झालेली बाई नागपूरकडची, कामापुरती आणलेली. मी भाऊला बोलवायला मंडपामागे गेले तेव्हा ती खोबरेल तेलानं तोंडाचा रंग काढत होती. "तेरा भाई है न?" ती म्हणाली. "रडते मस्त. मी लय गावाईत लय जयवंत पाह्यले. सगळे मस्तच रडतात." आणि कापूस पिळून तिनं दुसरा गाल पुसायला घेतला. मला तिचा फार राग आला.

सकाळ नीट उजाडली तेव्हा आमचं अंगण भरलेलं होतं. गावातली जाणती माणसं, दादाजी मास्तर, वहिनीचे वडील, सगळ्यांच्या हातात चहा. भाऊ विहिरीपाशी एका बाजूला उभा होता. त्यानं तोंड धुतलं होतं, पण कानामागे आणि गळ्यावर रंग तसाच होता. आपोआपच बोलणं तिकडे वळलं. पोलिसपाटलांचे थोरले भाऊ वहिनीच्या वडिलांना म्हणाले, "इवाई, आता तुमी डोळ्यानं पाह्यलं. अजून काय पाह्यजे? पोरगं सुधारलं. लेक ठेवून द्या."

मास्तर म्हणाले, "माह्या शब्दावर ठेवा. हा कालचा शंकर नाई."

वहिनीचे वडील साधे शेतकरी, चार माणसांत कमी बोलणारे. लग्न झालेली लेक किती दिवस घरी ठेवायची हा प्रश्न त्यांना त्यांच्या गावातही लोक विचारत असणारच. ते बशीकडे पाहत म्हणाले, "तुमी सारेच म्हनता त मी काय बोलू? राहू द्या."

वहिनी दाराच्या चौकटीशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मी फक्त पाहाले आली होती." पण ते तिनं इतकं हळू म्हटलं की अंगणातल्या माणसांनी ते ऐकलं नसल्यासारखं करता आलं. मायनं तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "चाल माय, आत चाल. पेटी तुही जागेवरच हाये." आणि वहिनी वळली. तिचा तो वळतानाचा चेहरा मी या जन्मात विसरणार नाही. त्यावर दुःख नव्हतं. पावसात भिजत उभ्या असलेल्या बैलाच्या तोंडावर असतं तसं काहीतरी होतं.

तेव्हा विहिरीपासून भाऊ सासऱ्यांना म्हणाला, "मामाजी, तिले घरी घेऊन जा."

सगळ्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मास्तर हसून म्हणाले, "अरे शंकर, ते म्हनून राहिले का ठेवतो म्हनून."

"मी ऐकलं. घेऊन जा म्हनतो मी." तो अंगणाच्या मध्यभागी आला. रात्रभर बोलून त्याचा आवाज बसला होता, नीट फुटत नव्हता. "गंज कलंडला नाई. मी लाथ मारली."

"शंकऱ्या!" माय ओरडली. "काय बोलून राहिला?"

"ती चुलीपाशी बसली होती. मले दिसत होतं. चढली होती, पन दिसत होतं मले, मामाजी. दिसत होतं अन मारली."

वहिनीचे वडील उठून उभे राहिले. मास्तर भाऊचा दंड धरून म्हणाले, "ठीक हाये, कबूल केलं न तू? हाच पश्चात्ताप. आता तर..."

"मास्तर, तुमी मले रडाले शिकवलं." भाऊनं दंड सोडवून घेतला नाही, फक्त मान हलवली. "रात्री मी खरंच रडलो. खोटं नाई सांगत. पन कुठं रडाचं हाये हे मले मालूम होतं. दारू मी नाटकापुरती सोडली. आज सकायी नाटक सरलं, अन तोंड धुताना मले तिचीच याद आली. दारूची. उद्याचं मले मालूम नाई. जे मले मालूम नाई, त्याच्या भरोशावर हिले कायले ठेवता?"

मग तो वहिनीकडे वळला. तो तिच्या पाया पडला नाही, त्यानं हात जोडले नाहीत, माफी हा शब्द उच्चारला नाही. "जा तू," एवढंच म्हणाला. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याच्याकडे तसं, सरळ, न घाबरता पाहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मग ती आत गेली, आपली पिशवी घेऊन आली, माझ्या गालाला हात लावला आणि वडिलांच्या पुढे चालायला लागली. बाबा एवढा वेळ ओसरीच्या पायरीवर बसून होते. ते उठले. मला वाटलं ते भाऊला मारतील. पण ते त्याच्या जवळून आत गेले, मागावर बसले, आणि मंडईच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा गल्लीत एकही माग चालत नसतो, त्यांनी विणायला सुरुवात केली.

इथं गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. तुळशीचं लग्न लागायच्या आधी भाऊ पुन्हा प्यायला लागला. आधी चोरून, मग उघड. मास्तरांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. आपलं नाटक त्यानं घरात आणून फोडलं असं ते शेवटपर्यंत म्हणत. गावानं उलटा अर्थ लावला: बायको ठेवली असती तर तो टिकला असता, तिलाच नांदायचं नव्हतं, म्हणून त्याला तसं बोलावं लागलं. मायनंही तेच धरून ठेवलं. भाऊनं पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. गोसीखुर्दला धरणाचं काम सुरू झालं तेव्हा तो तिकडे मजुरीला गेला. मध्येच काही महिने न पिता काढायचा, अंगावर मांस धरायचा, मायला लुगडं घेऊन यायचा. मग पुन्हा कोणीतरी त्याला रस्त्यावरून उचलून आणायचं. त्या चांगल्या महिन्यांतही तो आसगावकडे फिरकला नाही. मी एकदा, मोठी झाल्यावर, त्याला म्हटलं, आता तर तू बरा आहेस, जाऊन का येत नाहीस? तो म्हणाला, "बरा आहो म्हनूनच नाई जात." वहिनी शिकली, अंगणवाडीत लागली, गावातली पोरं तिला बाई म्हणायला लागली. तिनं दुसरं लग्न केलं नाही.

भाऊ सुधारला का? मला हे पुष्कळांनी विचारलं आहे, माझ्या नवऱ्यानंसुद्धा. जयवंत सुधारला, कारण पडदा पडला. भाऊला त्यानंतर पुष्कळ वर्षं जगायचं होतं आणि ती त्यानं वाईट काढली. पण ज्या क्षणी सगळं गाव त्याच्या पदरात माफी घालत होतं, बायको घालत होतं, तेव्हा ती न घेणं त्याला जमलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी चांगली माणसं बरीच पाहिली. त्यांच्यापैकी किती जणांना ते जमलं असतं, मला सांगता येत नाही.

तो गेला तेव्हा त्याचे केस पूर्ण पांढरेही झाले नव्हते. पोट फुगलं होतं, डोळे हळदीसारखे झाले होते. बाबा आधीच गेले होते. मी सासरहून पोचले तेव्हा माय ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, आणि बायका येत होत्या, रडत होत्या, जात होत्या. दुपारी वहिनी आली. एकटी, आसगावहून बसनं. कपाळावर लहानशी टिकली, हातात अंगणवाडीची पिशवी. बहुतेक तिकडूनच निघाली असावी. ती मायच्या समोर जमिनीवर बसली. मायनं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं नाही. मग एकाएकी तिच्या मनात वर्षानुवर्षं साठलेलं बाहेर आलं.

"तू राह्यली असती त्या दिवशी, त माहा पोरगा वाचला असता."

बायका रडायच्या थांबल्या. मी काही बोलायला पुढे झाले, पण वहिनीनं हातानं मला थांबवलं. ती विचार करत होती, जणू तिला खरंच प्रश्न विचारला गेला होता.

"हो आत्याबाई," ती म्हणाली. "वाचला असता तो, कोन जाने. मी नसती वाचली. त्याले ते मालूम होतं."

बाहेर कोणाची तरी सायकल गेली, गल्लीत एक माग चालू झाला आणि कोणीतरी जाऊन तो थांबवला असावा, कारण आवाज लगेच बंद झाला. शेजारच्या घरून भात आला होता, तो झाकून ठेवलेला होता. बऱ्याच वेळानं मायनं झाकण काढलं, ताटात भात वाढला, आणि ताट वहिनीच्या पुढे सरकवलं.

"दुरून आली," ती म्हणाली. "जेव."

वहिनी जेवली. माय तिच्यासमोर बसून राहिली, आणि तिच्या ताटातला भात संपला तेव्हा तिनं आणखी वाढला.